पुडिंगच्या पोटात

लंडनच्या हॉटेलात सकाळच्या नाश्त्याला 'ब्लॅक पुडिंग' दिसलं, की आपल्याकडचा पर्यटक हरखतो. काळं आहे म्हणजे चॉकलेटचंच असणार! चांगल्या दोन-चार चकत्या बशीत येतात. मग शेजारचं कुणीतरी हळूच सांगतं, की डुकराचं रक्त, चरबी आणि ओट आतड्यात भरून उकडलं, की हे होतं. उरलेला मुक्काम टोस्ट आणि जॅमवर निघतो.

यात फसवणूक कुणी केलेली नसते. मूळचं पुडिंग ते हेच. हा शब्द बहुधा फ्रेंच 'बूदँ'वरून आला, आणि बूदँ म्हणजे रक्ताचं सॉसेज. पूर्वी इंग्लंडात नुसत्या आतड्यांनाही पुडिंगच म्हणत. 1666ची लंडनची प्रचंड आग ज्या पुडिंग लेनमधल्या बेकरीत लागली, त्या गल्लीचं नाव काही त्या बेकरीतल्या गोडधोडावरून पडलेलं नाही. ईस्टचीपचे खाटीक तिथे डुकरं साफ करत आणि आतडी-कोथळा त्याच वाटेने थेम्सवरच्या घाणीच्या होड्यांकडे जाई. लंडनची माहिती लिहिणाऱ्या जॉन स्टोने 1598 साली हे सगळं, नाकाला रुमाल न लावता, लिहून ठेवलं आहे.

पुढे आतड्याच्या जागी फडकं आलं, ही खरी क्रांती. आतडं हवं तर जनावर कापावं लागतं. फडकं कुणाच्याही घरात असतं. पीठ, चरबी, मनुका फडक्यात बांधून गाठोडं उकळत्या पाण्यात सोडायचं. मग फडकंही गेलं, वाडगं आलं. रक्त गेलं, साखर आली. नाव मात्र जागचं हललं नाही. प्लम पुडिंगात तर प्लमही नसतात, असतात मनुका! आणि यॉर्कशायर पुडिंग? ते गोडच नाही, मांसाच्या रश्शाबरोबर खायचं.

आता जेवणानंतरच्या कुठल्याही गोडाला इंग्रज पुडिंग म्हणतो, मग ते आइसक्रीम का असेना. यातही प्रतिष्ठेची भानगड आहेच. 1950च्या दशकात लेखिका नॅन्सी मिटफर्डने उच्चभ्रूंच्या बोलण्यावर लिहिलं, तेव्हा साऱ्या इंग्लंडला धास्ती बसली, की आपल्या तोंडून भलतंच काही निघायचं. जेवणानंतर नाजूकपणे 'स्वीट' मागणारा मध्यमवर्गीय म्हणून तिथल्या तिथे पकडला जाई. आतड्यांचं नाव घेणारा खानदानी!