पायडल न मारता

यवतमाळच्या कडेला नवं लेआऊट पडलं की आधी पाटी लागते, मग प्लॉटच्या खुणा, मग मुरमाचे ढीग. रस्ता सावकाश येतो. तो येईपर्यंत ढिगांची मालकी पोरांकडे. आमच्या भागातल्या पोरांनी फावड्यानं ते रांगेत पसरले, माथे गोल केले, वळणावर बाहेरून तिरपा बांध घातला आणि वर सायकली सोडल्या. जगात याला पंप ट्रॅक म्हणतात. सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआय २०१९ पासून त्यातले जगज्जेतेही ठरवते. पोरांना हे मोबाइलनं सांगितलं, पण मुरूम त्यांचा त्यांनीच निवडला. आमच्या काळ्या मातीत असली हौस टिकत नाही. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल. आणि तो मडगार्डात असा गच्च बसतो, की तुराटीनं कोरल्याशिवाय चाक हलत नाही.

खेळाचा नियम एकच: पायडल मारायचं नाही. चढावर गुडघे-कोपर दुमडून सायकल अंगाखाली वर येऊ द्यायची, उतार लागला की हातपाय ताणून तिला खाली रेटायची. नागपंचमीला उभ्यानं झोका चढवणाऱ्या बाया हेच करतात. वरच्या टोकाला गुडघ्यात वाकायचं, खाली येताना ताठ व्हायचं. त्यांना कुणी जगज्जेत्या म्हणत नाही, एवढाच फरक.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मित्रही तिथं पोचलो. आम्ही म्हणजे पन्नाशी ओलांडलेले, न विचारता सल्ला देणारे. आधी मास्तर बसला. जन्मभर शाळेचा चढ पायडल मारून काढलेला माणूस. पहिल्याच उंचवट्यावर पाय आपसूक फिरले आणि पायडल मुरमात रुतलं.

"काका, पायडल नका मारू ना!"

"मग जाऊ कसा बे?"

"दाबा! उतारावर दाबा!"

मास्तरनं ब्रेक दाबला.

खरं तर फुकटच्या वेगावर आमच्या पिढीचा विश्वासच नाही. घाम न गाळता पुढं सरकलो, की कुठंतरी लफडं आहे असं वाटतं. तसा इथं घामही कमी गळत नाही. फेरी संपेस्तोवर मांड्या थरथरायला लागतात.

बँकेतून निवृत्त झालेल्या मित्राला मात्र जमलं. सगळे उंचवटे तो पायडल न फिरवता सर्रकन पार करून आला, उतरला आणि आधी टायर दाबून पाहिला. श्रेय सायकलचं असणार, अशी त्याची शंका. ते ऐकून मास्तरला तीच सायकल हवी झाली.

"काका, लाइनीत या," सायकलवाला पोरगा म्हणाला.

मास्तर पाचवीतल्या एका पोराच्या मागं जाऊन उभा राहिला.