स्कोपचं टिकाऊ झाकण : भिलाईकरांसाठी कार्यपद्धती

प्रस्तावना

रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीला, म्हणजे स्कोपला, दोन्ही टोकांना काच असते. त्या काचांवर स्प्रिंगची झाकणं बसतात. अंगठ्यानं चाप दाबला की झाकण टपकन उघडतं आणि थोड्याच दिवसांत बिजागरीतून टपकन निखळतं. हे दुःख जगभरचं आहे. पण त्यावर उपाय शोधायचा अधिकार कुठल्या गावाला असेल तर तो भिलाईलाच, कारण इथला सगळा कारभार झाकणांवर चालतो.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इथल्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन केलं. त्या पिढीच्या फर्नेसच्या तोंडावर एकाखाली एक अशा दोन प्रचंड ‘बेल’, म्हणजे झाकणंच, असत. एक उघडली की दुसरी मिटलेलीच हवी, नाहीतर गॅस बाहेर. कोक ओव्हनला दोन्ही बाजूंनी दरवाजे आणि माथ्यावर कोळसा ओतायच्या भोकांवर झाकणं. अशा गावात अठ्ठेचाळीस मिलिमीटरच्या झाकणासाठी कोणी रडत बसणं शोभत नाही. म्हणून ही कार्यपद्धती.

टप्पा १ : पात्रता तपासणे

प्रथम आपल्याकडे रायफल आहे का, ते पाहावे. नसल्यास थेट टप्पा ५ वर जावे. तिथे रायफलीची गरज पडत नाही.

असल्यास ती बहुधा एअर रायफल असणार. ४.५ मिलिमीटर नळीची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. ती पाखरावर रोखली, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आपल्यावर रोखला जातो. तेव्हा गच्चीवर, मागे भक्कम भिंत असलेला रिकामा डबा हेच लक्ष्य.

ऑलिम्पिकचं स्वप्न असेल तर झाकणाचा नाद इथेच सोडावा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते स्कोपशिवाय. त्या स्पर्धेत स्कोप चालतच नाही. बारीक भोकातून नेम धरावा लागतो. झाकणाची कटकट नसल्याचा त्यात किती वाटा होता, हे अजून कोणी तपासलेलं नाही.

टप्पा २ : मोजमाप

स्कोपवर ‘३-९×४०’ असं लिहिलेलं असतं. यातला ४० हा आकडा वाचून चाळीस मिलिमीटरचं झाकण मागवणारे लोक या छंदाचा आर्थिक कणा आहेत. चाळीस हा काचेचा व्यास. झाकण बसतं ते बाहेरच्या नळीवर, आणि ती त्याहून कितीतरी जाड असते. डोळ्याकडच्या टोकाचा व्यास आणखी वेगळा. दोन्ही टोकं स्वतंत्र मोजावीत, नळी गोल असली तरी दोन दिशांनी मोजावीत.

त्यासाठी व्हर्नियर कॅलिपर लागेल. भिलाईत तो शोधावा लागत नाही. कोणत्याही सेक्टरच्या कोणत्याही रस्त्यावर उभं राहून “मोजायचं आहे” एवढं जरा मोठ्यानं म्हणावं.

माप कोणत्या महिन्यात घेतलं, तेही लिहून ठेवावं. जानेवारीतले दहा अंश आणि मेमधले पंचेचाळीस यांत अठ्ठेचाळीस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची नळी सुमारे ०.०४ मिलिमीटर फुगते. प्लास्टिकचं झाकण त्याच्या तीन-चार पट फुगतं. म्हणजे हिवाळ्यात घट्ट बसलेलं झाकण उन्हाळ्यात दशांश मिलिमीटरनं सैल. झाकण पडलं की दुकानदाराला शिव्या घालण्याआधी कॅलेंडर पाहावं.

टप्पा ३ : साहित्य

झाकण स्वतः क्वचितच मोडतं. मोडते ती बिजागरी, आणि तीही उघडताना मोडत नाही. झाकण उघडं, काटकोनात उभं राहिलेलं असतं आणि रायफल कपाटात ठेवताना ते दारात अडकतं. म्हणून उघडल्यावर पूर्ण मागे पडून नळीला चिकटणारं झाकण घ्यावं. बऱ्याच स्कोपच्या पुढच्या तोंडात आतून आटे असतात. त्यांत फिरवून बसणारं धातूचं झाकण मिळालं तर सोनंच. उन्हाळ्यातही ते निसटत नाही.

बिजागरी पॉलिप्रॉपिलिनची असल्यास उत्तम. शाम्पूच्या बाटलीचं टोपण याच प्लास्टिकचं. त्याची बिजागरी म्हणजे वेगळा सुटा भाग नसून तिथं पातळ केलेलं तेच प्लास्टिक असतं, आणि ते लाखो वेळा वाकवलं तरी तुटत नाही. आपल्या न्हाणीघरात जे वीस रुपयांत मिळतं, ते स्कोपवाले हजारात का देऊ शकत नाहीत, असा प्रश्न मनात येईल. तो मनातच ठेवावा.

टप्पा ४ : बाजार

रविवारी सुपेल्याच्या बाजारात जावं. तिथं झाकणांची कमतरता नाही. “का चाही भइया?” या प्रश्नाला “स्कोप का ढक्कन” असं उत्तर दिल्यास कुकरची रिंग, मिक्सरचं भांडं आणि स्कूटरच्या टाकीचं झाकण, या क्रमानं माल समोर येईल. स्कूटरचं झाकण हातात घेऊन पाहायचा मोह होईल. पाहू नये. ते जवळजवळ बसतं, आणि त्या ‘जवळजवळ’मध्ये पुढचे तीन रविवार जातात.

ज्या गावात २६० मीटर लांबीचे रुळाचे पॅनल तयार होतात, तिथं हे मिळू नये, याचं दुःख करू नये. मोठं काम करणाऱ्या गावांत लहान वस्तू बाहेरूनच येतात. कुरियरनं मागवावं.

टप्पा ५ : तज्ज्ञांचा सल्ला

पार्सल येईपर्यंत बातमी मंडळात पोचलेली असते. गणपतीच्या वर्गणीच्या बैठकीत विषय निघतोच.

रेल मिलमधून निवृत्त झालेले काका प्लास्टिकला हात लावत नाहीत. “पोलादात करू. हलकंच करू.” मीटरला साठ किलोचा रूळ ज्यांनी जन्मभर पाहिला, त्यांचं ‘हलकं’ स्कोपच्या टोकाला बसवलं, तर रायफल आपोआप जमिनीकडे नेम धरते.

कोक ओव्हनचे काका विचारतात, “लीकेज किती?” त्यांना झाकणाच्या कडेला गॅस्केट हवं, त्यावर क्लॅम्प हवा. कारखान्याची तांबडी धूळ आत जाणार नाही, याची ते लेखी खात्री देतात. झाकण काढायला मात्र पाना लागेल.

ब्लास्ट फर्नेसचे काका शेवटी बोलतात. “दोन झाकणं आहेत ना? मग इंटरलॉक पाहिजे. पुढचं उघडलं की मागचं बंद, मागचं उघडलं की पुढचं बंद.” क्षणभर शांतता होते. मग सगळे माना डोलावतात. आराखडा निर्दोष असतो. त्या स्कोपमध्ये धूळ कधीच जाणार नाही, आणि त्यातून कधी काही दिसणारही नाही.

सल्ला नम्रपणे ऐकावा, चहा घ्यावा. या मंडळींनी चाळीस वर्षं जी झाकणं सांभाळली, ती आतलं बाहेर येऊ नये म्हणून होती. मिटणं हेच त्या झाकणांचं काम. उघडण्यासाठीच जन्मलेलं झाकण या मंडळींपुढे पहिल्यांदाच येतंय.

टप्पा ६ : चाचणी

म्हणून कसोटी उघडण्याचीच घ्यावी. एका हाताच्या अंगठ्यानं, न पाहता, घामेजल्या बोटानं उघडतं का? मेमधल्या उन्हात दुपारभर गच्चीवर ठेवून उघडतं का? स्प्रिंगमध्ये चिमूटभर धूळ टाकून उघडतं का? काही स्कोपमध्ये झूम फिरवला की डोळ्याकडचा भाग झाकणासकट फिरतो. तेव्हा ते बोल्टच्या दांड्यावर आपटत नाही ना, तेही पाहावं. या सगळ्यांत नापास झाल्यास सायकलच्या जुन्या ट्यूबची रुंद पट्टी कापून दोन्ही काचांवरून ताणून बसवावी. ती एका झटक्यात निघते आणि तिला बिजागरी नसते.

हमी

झाकण मोडल्यास परत पाठवू नये. शेजारच्या निवृत्त फोरमनना दाखवावं. ते संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देतात. त्यानंतर ते कधीही मोडत नाही, आणि उघडायचं झाल्यास त्यांनाच बोलवावं लागतं.