श्री. रा. रा. एकावर एक मोफत साहेब यांस

श्री. रा. रा. एकावर एक मोफत साहेब यांसी,
मु. पो. मोबाइलचा वरचा कोपरा.

हिंजवडी फेज तीनमधल्या एका नम्र नोकरदार बाईचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपले उपकार आता ओट्याखालच्या कपाटात मावेनासे झाले आहेत. कपाटाचं दार मी गुडघ्यानं दाबून बंद करते. त्यानं गुडघ्याला व्यायाम होतो. त्याबद्दल आधीच आभार मानून ठेवते, नाहीतर राहून जायचं.

आपला स्वभावच मुळी देण्याचा. मला उपम्यापुरता पावशेर रवा हवा होता. आपण अर्ध्या किलोची दोन पाकिटं धाडलीत, त्यातलं एक फुकट. फुकट ते पौष्टिक, असं आमच्याकडे म्हणतातच. दुसऱ्या पाकिटाला पुढे जाळी धरली आणि आत बारीक अळ्या फिरायला लागल्या, तेव्हा कळलं की म्हण अक्षरशः खरी आहे. प्रथिनांची सोय आपण वेगळी करून ठेवली होतीत.

हिशेब तर आपल्याकडूनच शिकावा. दोन पाकिटांचे पैसे दिले असते तर एक टाकताना जीव तुटला असता. एक फुकटचं म्हटल्यावर ते टाकताना काहीच वाटत नाही. पण पहिलंही अर्धंच संपलं की! म्हणजे पाव किलो रव्याला मी एका अख्ख्या पाकिटाची किंमत मोजली, आणि तरीही त्या दिवशी झोपताना ‘आज वाचवले हं पैसे’ असं समाधान होतं. इतक्या स्वस्तात समाधान कुठे मिळतं सांगा?

आणि ते घरपोच सेवेचं! ‘आणखी ३७ रुपयांचं सामान घ्या आणि डिलिव्हरी मोफत मिळवा,’ हे आपण किती मायेनं सुचवता. पंचवीस रुपये वाचावेत म्हणून मी साठ रुपयांचं ऑरेगॅनो घेतलं. घरात पिझ्झा होत नाही. झाला तर बाहेरून येतो आणि त्याच्याबरोबर ऑरेगॅनोच्या पुड्या येतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हे ऐकून होते. आपण कोंबडी वगळून थेट मसालाच पाठवता, हा काटकसरीचा पुढचा टप्पा म्हणायचा.

आपल्या चपळाईला तर तोड नाही. संध्याकाळी सहाला कंपनीच्या बसमध्ये बसलेली मी आठ वाजले तरी शिवाजी चौकाच्या अलीकडेच असते. बसमधूनच मी आपल्याला बोट लावते. आपला पोऱ्या मात्र फुटपाथवरून, चिखलातून, कसाबसा वाट काढत माझ्या आधी माझ्या दारात हजर. फ्रीजमध्ये काय आहे हे बघायला मी घरी पोचायला हवी ना? ती वेळच आपण येऊ देत नाही. कपाट उघडायच्या आत दाराची बेल वाजते, यातच आपलं सगळं यश आहे.

आमच्या सासूबाईंना मात्र आपली थोरवी कळत नाही, त्याबद्दल क्षमा असावी. त्या पाथर्डीकडच्या. १९७२च्या दुष्काळात त्या लहान होत्या. रोजगाराच्या कामावर वाटलेली सुकडी आणि परदेशातून आलेली ती तांबडी मिलो ज्वारी त्यांनी खाल्लेली आहे. फार बोलत नाहीत. नवीन पिशवी आली की एवढंच विचारतात, “हे परत कुणी मागवलं गं?” मी म्हणते, “आई, फुकट आहे.” त्या म्हणतात, “फुकट, तर मग आणून कुणी दिलं?” याचं उत्तर आपल्याकडे असेल तर कळवावं.

त्यांच्या हातून कशाचीच सुटका होत नाही, हीही तक्रार आपल्या कानावर घालते. हिंजवडी पडते मुळशी तालुक्यात आणि तालुका भातखाचरांचा, त्यामुळे घरात तांदूळ इंद्रायणी. शेजारच्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात घडलेलं हे वाण गरम गरम तूप-मेतकुटाबरोबर खावं. दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकलं की मात्र त्याचा गोळा होतो. आई रात्रीच उरलेला भात ताटात पसरून निववतात, झाकून फ्रीजमध्ये ठेवतात, सकाळी हाताला तेल चोळून शीत न् शीत मोकळं करतात आणि मग शेंगदाण्याची, हिरव्या मिरचीची फोडणी देतात. ओट्यावर रात्रभर राहिलेला भात मात्र त्या सरळ टाकून देतात. तशा भातात जिवाणूंचं जे विष तयार होतं ते पुन्हा गरम केल्यानंही जात नाही, हे मी वाचलं ते नंतर. त्यांना ते न वाचता ठाऊक होतं. दोडक्याच्या शिरांची चटणी, शिळ्या चपातीचा लाडू, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत. अशा घरात आपला धंदा बसायचा साहेब, जपून असा.

कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं, तेव्हापासून मराठी घरातलं माप वाटी-चमच्याचं आहे. एक वाटी बेसन, दोन चमचे तेल. त्यात ‘फॅमिली पॅक’ असं माप कुठेच नाही, ही उणीव आपण भरून काढलीत. कुटुंब तीन माणसांचं आणि पॅक बारशाच्या पंगतीचा.

आता जरा संकोचानं एक आकडा सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२४ साली अहवाल काढला. त्यातल्या अंदाजानुसार भारतातल्या घरांमध्ये माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न कचऱ्यात जातं. साली, बिया, हाडं हेही त्यात धरलंय, हे आपल्या बाजूनं सांगून टाकते. उगाच आपली बदनामी नको. सगळ्या जगाचा २०२२चा आकडा १०५ कोटी टनांचा, आणि त्यातलं ६० टक्के हॉटेलांतलं नाही, लग्नांतलंही नाही, घराघरांतलं. आपण एकटे एवढं करू शकत नाही याची मला कल्पना आहे. पण हातभार, साहेब, हातभार मोलाचा.

हातभारावरून आठवलं. २०१६च्या घनकचरा नियमांप्रमाणे पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या वसाहतींनी ओला कचरा होता होईल तो आपल्याच आवारात जिरवायचा होता. आमच्या सोसायटीत त्यासाठी पार्किंगच्या मागे यंत्र बसवलंय. यंत्राला प्लॅस्टिक चालत नाही. म्हणून सकाळी एक मावशी तिथे ब्लेड घेऊन बसतात आणि आपली पाकिटं फाडतात. पाव, पनीर, दही, इडलीचं तयार पीठ असा एकेक जिन्नस बादलीत, आणि पाकीट धुऊन दुसरीकडे. परवा खाली गेले तर त्यांच्या हातात न फोडलेलं पनीर होतं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ताई, ह्ये तर फोडलं बी न्हाई. काय बिघाड हुता?” बिघाड काहीच नव्हता हो, मावशी. एकावर एक होतं.

ते पनीर माझं नव्हतं, हे नमूद करते. पण कुणाचं ते विचारायला मी थांबले नाही.

तारखांचं ज्ञानही आपण आम्हाला असं दिलंत की घरात कुणाला पाकिटावरचं दुसरं काही दिसतच नाही. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ उलटली तर खाऊ नये, ते बरोबर. २०२०च्या लेबलच्या नियमांत तीच तारीख सक्तीची आहे. ‘बेस्ट बिफोर’चं म्हणणं इतकंच की इथवर चव आणि कुरकुरीतपणा उत्तम राहील, पुढे थोडा कमी. पण आमच्या घरी ओट्सच्या पाकिटावर ‘बेस्ट बिफोर’ उलटून एक रात्र झाली की ते सकाळी साप निघाल्यासारखं बाहेर नेतात. आपल्याला हे सोयीचंच. आणि फुकटातलं पाकीट बहुधा तारखेच्या उंबरठ्यावरचंच का असतं, हा प्रश्न मला पडला होता, पण तो अन्नसुरक्षा पाहणाऱ्या एफएसएसएआयलाही पडला असावा. ऑनलाइन विकलेल्या खाद्यपदार्थाचं घरी पोचताना निदान ३० टक्के किंवा ४५ दिवसांचं आयुष्य शिल्लक असावं, असं त्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं. आपण ते वाचलं असेलच. वाचन दांडगं आपलं.

वरच्या फ्लॅटमधल्या चार मुलांच्या वतीनेही आभार. एक सांगलीचा, एक अकोल्याचा, दोघे लातूरचे. चौघांचे मोबाइल चार, म्हणून घरात मिठाची पाकिटं चार आणि सॉसच्या अर्ध्या बाटल्याही चार. शुक्रवारी संध्याकाळी भूमकर चौकातून गाड्या पकडून सगळे गावी जातात आणि फ्रीज एकटा राहतो. सोमवारी परततात ते आईनं दिलेली चटणी, भाकरी, कांदा-लसूण मसाला घेऊन. तोवर आत आपण दिलेलं दुसरं दही आंबून दरवळत असतं. हल्ली त्यांनी फ्रीजवर कागद चिकटवलाय: ‘गुरुवारी रात्रीपर्यंत ज्याचं त्यानं खाल्लं नाही, ते सगळ्यांचं.’ गुरुवारी रात्री वर काय शिजतं ते देव जाणे, पण वास चांगला येतो.

आणि हे मुक्कामाचं बोलायलाच हवं. या भागात चौरस फुटाचा भाव काय चाललाय ते आपल्याला ठाऊक असेलच. घरकर्जाचा हप्ता आम्ही भरतो आणि कपाटात राहतात आपली पाकिटं. भाडं नाही, डिपॉझिट नाही, वर पाहुणे वाढतच जातात. त्यांना जागा पुरेना म्हणून ह्यांनी दोन दारांच्या फ्रीजचा विषय काढला. हप्त्यावर. तोही आपल्याकडे ऑफरमध्ये आहे म्हणे.

इथे मात्र आमच्या घरी संप झाला. आईंनी पुकारला, मी पाठिंबा दिला, ह्यांनी नाइलाजानं. दूध, भाजी आणि अडीनडीचं औषध सोडून बाहेरून काही आणायचं नाही, कपाट रिकामं होईपर्यंत. फ्रीजच्या दारावर आत काय काय आहे त्याची यादी लागली. सोया चंक्सचा रस्सा झाला. त्यात टोमॅटोऐवजी मी केचपच्या पुड्या फोडून घातल्या. चव वाईट नव्हती, आईंना अजून सांगितलेलं नाही. मूठ मूठ उरलेल्या डाळी एकत्र भिजवून धिरडी झाली. उरलेलं ऑरेगॅनो धिरड्यांत गेलं आणि ओवा समजून सगळ्यांनी खाल्लं.

राहिले ते ओट्स, किन्वा, अर्धी वाटी बाजरी, थोडी हरभराडाळ आणि एक पाकीट उडीदडाळ. आईंनी सगळं वेगवेगळं, मंद आचेवर, वास सुटेपर्यंत भाजलं, धने-जिरे भाजून मिसळले आणि मला डबा देऊन माणच्या रस्त्यावरच्या गिरणीत पाठवलं. गिरणीवाल्यानं झाकण उघडलं, बोटांनी किन्वा चाळवला आणि वर बघितलं.

“ताई, हे कशातलं धान्य?”

“ऑफरमधलं.”

त्यानं मान डोलावली. त्याच्याकडे असली धान्यं याआधीही आली असावीत. “गव्हावर टाकू की ज्वारीवर?” “ज्वारीवर,” मी म्हटलं, आणि तो ज्वारीचं दळण संपेपर्यंत थांबला. त्या भाजणीची थालीपिठं खरपूस झाली, साहेब. आपल्याला खोटं वाटेल, पण किन्व्याला पहिल्यांदाच काही चव लागली. लोणी सायीचं, घरचं.

महिन्याचं किराणा बिल निम्म्याच्या आसपास आलं. कपाटाच्या तळाशी आमचं पुरणयंत्र सापडलं. होळीला ते सापडेना म्हणून मी शेजारून मागून आणलं होतं, आणि ह्यांनी नवीन मागवावं की काय असा विचार सुरू केला होता. झाकणं नसलेले काळे डबे आणि डबे नसलेली झाकणं पोतंभर निघाली. ती भंगारवाल्यानं किलोवर नेली, आणि जाताना विचारलं, “एवढंच?” आपल्या व्यवसायाची त्यालाही कल्पना आहे.

आपण रागावला नाहीत ना? राग धरू नये. मोठ्यांनी मोठेपणा सोडू नये. दर पाकिटाला दुसरं पाकीट देणारा माणूस मनाचा किती मोठा असेल, या विचारानेच मी हे लिहायचं धाडस केलं. आमच्याबद्दल एकच विनंती: जे एक मागितलं तेच एक, वाजवी दरात, जमल्यास पावशेरात द्यावं. फारच भीड पडत असेल तर तेही देऊ नये. गिरणीशेजारी किराणा दुकान आहे, तिथे सुटा रवा मिळतो.

कळावे, लोभ आहेच, तो आवरता घ्यावा.

आपली,
एक ग्राहक

ता. क. : हे लिहीत असतानाच आपला निरोप आला, ‘आम्हाला तुमची आठवण येतेय! कार्टमधल्या शेवया तुमची वाट बघताहेत.’ डोळे भरून आले. शेवयांची तीन पाकिटं अजून घरात आहेत, तारीख पुढच्या मार्चची. आपल्याला हवी असल्यास कळवावं. दोन घेतलीत तर तिसरं माझ्याकडून. घेऊन मात्र आपणच जायचं, घरपोच सेवा आम्ही देत नाही.