कुत्री आधी निळी झाली

शिधापत्रिकेचा रंग सांगितला की माणसाची पत कळते, ही सोय महाराष्ट्रात जुनी आहे. पिवळी, केशरी, पांढरी. कारखान्यांनाही तशीच सोय करून दिलेली आहे: लाल, नारंगी, हिरवा आणि पांढरा. फरक एवढाच, की पांढऱ्या शिधापत्रिकेवर फारसे काही मिळत नाही आणि पांढऱ्या कारखान्याला फारसे काही मागावे लागत नाही. रंग ठरवायचे दिल्लीच्या केंद्रीय मंडळाने, आणि त्या रंगाप्रमाणे संमतीपत्रे वाटायची आपल्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने.

जानेवारी २०२५ मध्ये या रंगपेटीत निळा आला. कचरा, मैलापाणी वगैरे आपल्या सगळ्यांची घाण निस्तरणाऱ्या प्रकल्पांना ‘अत्यावश्यक पर्यावरणीय सेवा’ म्हणून हा मान मिळाला. सोबत संमतीची मुदत दोन वर्षे वाढवून. कचरा जाळून वीज तयार करणारे प्रकल्पही त्यात बसवले. धुराडे तेच, धूर तोच. पण आता तो सेवाभावी धूर आहे.

सगळीकडे ही बातमी नवी म्हणून छापून आली. तळोज्याच्या लोकांना मात्र गंमत वाटली असेल. त्यांच्याकडे ऑगस्ट २०१७ मध्येच कासाडी नदीच्या आसपास हिंडणारी भटकी कुत्री निळी झाली होती. एका कारखान्यातला रंग नदीत आणि परिसरात पसरला, कुत्री खाणे शोधत त्यात शिरली आणि बाहेर आली ती निळ्या वर्गात. अर्ज नाही, फी नाही, सीएचे सर्टिफिकेट नाही. सुलभ प्रक्रिया म्हणतात ती ही. केंद्रीय मंडळाला तिथवर पोचायला पुढे साडेसात वर्षे लागली.

डोंबिवली तर त्याहून पुढे. तिथे २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. तो पाहायला खुद्द मुख्यमंत्री येऊन गेले. गुलाबी वर्ग अद्याप जाहीर झालेला नाही. डोंबिवलीकरांनी धीर धरावा.

असो. विषय परवानग्यांच्या सुलभीकरणाचा आहे, आणि सुलभीकरणाला विरोध करील तो करंटा. ‘मैत्री’ नावाची एक खिडकी आहे, तिच्यासाठी २०२३ चा खास कायदा आहे. तपासणीला कोण जाणार हे आता संगणक ठरवतो, एकाच कारखान्यावर तोच अधिकारी लागोपाठ दोनदा जात नाही आणि जो जाईल त्याने अहवाल ४८ तासांत चढवायचा असतो. कागदावर हे सगळे चोख आहे. कागद चोख ठेवण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

त्या कागदांतला माझा सर्वांत आवडता म्हणजे २०१६ च्या पांढऱ्या वर्गाची यादी. ३६ प्रकारचे उद्योग, आणि वाचताना मन कसे प्रसन्न होते. सायकलींची जोडणी. शेंगा फोडून दाणे काढणे. चहाचे मिश्रण करून पुड्या बांधणे. खडू. फाउंटन पेनची जोडणी. टाचण्या आणि यू-क्लिपा. म्हणजे फायलीला लावायची टाचणी निरुपद्रवी, फायलीवर शेरा मारायचे पेन निरुपद्रवी. दोन्ही एकत्र येऊन टेबलावर जे काही होते त्याचा प्रदूषण निर्देशांक मात्र अजून कोणी काढलेला नाही. नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनांनी तर पांढऱ्यांना संमती घेण्यातूनच मोकळे केले. हा निर्णय चांगला आहे, हे उपरोधाने म्हणत नाही. खडूवाल्याला कन्सेंटच्या मागे धावायला लावून आजवर एकही नदी निवळलेली नाही.

पण आमचे एक स्नेही खडूवाले नाहीत. त्यांचे इलेक्ट्रोप्लेटिंगचे दोन गाळे आहेत, म्हणजे लालातला लाल. माणूस सरळ. सांडपाण्यासाठी ईटीपी बसवलेला आहे आणि तो रोज चालवतातही, त्यामुळे शेजारचे गाळेवाले त्यांच्याकडे जरा काळजीनेच बघतात. संमतीच्या नूतनीकरणासाठी त्यांनी स्वतः पोर्टलवर अर्ज भरायचे ठरवले, आणि तिथेच त्यांचे घोडे पेंड खाऊ लागले. पहिली क्वेरी आली: स्थळ नकाशा सुस्पष्ट जोडावा. जोडला. दुसरी: पाणीवापराचा आकडा सीएमडीमध्ये, म्हणजे रोजच्या घनमीटरमध्ये द्यावा, लिटरमध्ये दिला आहे. दिला. तिसरी क्वेरी पुन्हा स्थळ नकाशाची. शेवटी ते कन्सल्टंटकडे गेले.

कन्सल्टंटच्या टेबलावर तीन मोबाइल, एक स्कॅनर आणि देवीचा फोटो. त्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला.

‘शेठ, नकाशा बरोबर आहे.’

‘मग परत का मागितला?’

‘मागायला काहीतरी लागतं ना. तुम्ही स्वतः भरलात, तिथंच चुकलं. आता साहेबांना वाटणार, ह्या शेठना घाई नाही.’

‘आणि घाई असली तर?’

‘तर तुम्ही पहिल्याच दिवशी माझ्याकडे आला असतात.’

खिडकी एकच आहे हे खरे. पण तिच्या बाहेरच्या कट्ट्यावर कोण बसतो, याची कायद्याने व्याख्या केलेली नाही. कन्सल्टंटने तोच नकाशा, त्याच आकाराचा, पुन्हा स्कॅन केला आणि चढवला. तो सुस्पष्ट ठरला. फीचा हिशेब मात्र स्नेह्यांना अजून पचलेला नाही. ती मुख्यतः भांडवली गुंतवणुकीवर ठरते, नाल्यात काय सोडता यावर नाही. चांगली, महागडी, कमी पाणी पिणारी यंत्रे आणा, गुंतवणूक वाढते, फी वाढायला वाट मोकळी. जुन्या गळक्या टाकीवर दिवस काढा, खर्च कमी. शासनाने काटकसरीला असे प्रोत्साहन द्यायला काहीच हरकत नाही.

आता कुणी म्हणेल, मुदत घालून द्या म्हणजे असे होणार नाही. मुदत आहे. १९७४ च्या जल कायद्याच्या पंचविसाव्या कलमात ती स्वच्छ लिहिलेली आहे: सर्व बाबतींत पूर्ण अर्ज केल्यापासून चार महिन्यांत मंडळाने संमती दिली नाही किंवा नाकारली नाही, तर ती दिली गेली असे मानायचे. आणि कशी दिली गेली? विनाअट. पन्नास वर्षांपूर्वीच्या कायदेकर्त्यांनी सुलभीकरणाची परमावधी गाठून ठेवली होती, आपण उगाच परिषदा भरवतो. म्हणून तर क्वेरीचा शोध लागला. मुदत भरत आली की नकाशा अस्पष्ट होतो.

नुसती गती मोजायची ठरवली की काय होते, याचा नमुना जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयाने घालून दिला. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी देणाऱ्या राज्यस्तरीय प्राधिकरणांना त्यांनी हॉटेलांसारखे तारे द्यायचे ठरवले. सरासरी ८० दिवसांच्या आत मंजुरी दिली तर २ गुण. प्रकल्पाची जागा प्रत्यक्ष पाहायला १० टक्क्यांहून कमी प्रकरणांत गेलात तर १ गुण. २० टक्क्यांहून जास्त वेळा गेलात तर शून्य. सात गुण झाले की पंचतारांकित. म्हणजे ज्याची राखण करायची ते डोळ्यांनी पाहिले की गुण कापले जाणार. या न्यायाने राज्यातला सर्वोत्तम तलाठी तो, ज्याने शिवार पाहिलेले नाही.

मंडळाच्या लोकांची बाजूही ऐकायला हवी, नाहीतर आम्हाला क्वेरी यायची. देशभरातल्या राज्य मंडळांत मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिकामी आहेत. एका फील्ड ऑफिसरकडे शेकड्याने कारखाने, हाताशी एक जीप, तीही दुसऱ्या साहेबांकडे. नमुना घ्यायचा तर बाटली लागते, बर्फाचा डबा लागतो, प्रयोगशाळेची वेळ सांभाळावी लागते. त्यात परवानगी दिवसांत मोजली जाते आणि नदी कोणी मोजत नाही. अशा माणसाने आधी काय उरकावे? जे डॅशबोर्डवर दिसते तेच. त्याच्या जागी तुम्हीआम्ही असतो तरी हेच केले असते, फक्त जीपबद्दल जरा जास्त कुरकुर केली असती. यावर उतारा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये पर्यावरण लेखापरीक्षणाचे नियम निघाले. नोंदणीकृत खासगी लेखापरीक्षक कारखाने तपासणार, कोणाकडे कोण जाणार याची चिठ्ठी काढली जाणार. पदे भरण्यापेक्षा चिठ्ठ्या काढणे सोपे, हा मुद्दा कोणालाही मान्य व्हावा.

शिक्षेच्या बाबतीतही सुलभीकरण झालेच. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा, भोपाळनंतरचा. नियम मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद, अशी त्यात तरतूद होती. तिच्याखाली किती कारखानदार आत गेले, हा प्रश्न विचारून कोणाला अडचणीत आणू नये. ‘जन विश्वास’ नावाच्या २०२३ च्या कायद्याने ती कैद काढली आणि १० हजार ते १५ लाख रुपये दंड ठेवला. १५ लाख म्हटले की मराठी वाचकाला आणखीही काही आठवते, पण ते खात्यात जमा होणारे होते, हे वजा होणारे. दंडाला आमचा विरोध नाही. कधीच न होणाऱ्या कैदेपेक्षा वेळेवर वसूल झालेला दंड बरा. वेळेवर वसूल झाला तर. मोठ्या कारखान्याने तो वर्षाच्या खर्चात आधीच धरून ठेवला, तर त्याला दंड म्हणायचे की भाडे, एवढे कोणी ठरवून द्यावे.

या साऱ्या लाल, नारंगी गडबडीत एक उद्योग असा आहे, ज्याच्यासाठी सुलभीकरणाची गरजच पडलेली नाही. रात्री दोननंतर एमआयडीसीच्या मागच्या रस्त्याने टँकर निघतो. पुढची नंबरप्लेट चिखलाने माखलेली, मागची नाहीच. पुलावर दिवे मंद होतात, पाइप खाली सोडला जातो, पंधरा-वीस मिनिटे इंजिन चालू. सकाळी पाण्यावर साय धरते आणि मेलेले मासे काठाला लागतात. त्याला ना वर्ग, ना निर्देशांक, ना स्थळ नकाशा. आमच्या प्लेटिंगवाल्या स्नेह्यांकडे याच काळात नकाशा पुन्हा मागितला जात असतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचे काम आता ऑनलाइन झाले, एवढीच काय ती प्रगती.

केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा तारापूरला शंभरपैकी ९३.६९ मिळाले. देशात पहिला नंबर. ७० च्या वर गेले की पट्टा अतिप्रदूषित धरतात, म्हणजे हे विशेष प्रावीण्य. तारापूरचे कारखाने काही कागदाशिवाय उभे राहिलेले नव्हते. मंडळाचे शिक्के होते, मुदती होत्या, बँक गॅरंट्या होत्या. जो कागद हातात असताना तारापूर पहिले आले, तोच कागद आता निम्म्या दिवसांत मिळाला, तर समुद्राला फरक पडेल तो कोणत्या बाजूने? उद्योगाला परवानगी झटपट मिळावी, यात वाद नाही. पण झटपट सही करून वाचलेला अधिकारी संध्याकाळी नाल्यावर दिसायला हवा. तो दिसत नसेल तर हे सुलभीकरण नव्हे, माघार आहे, आणि तिला तसेच म्हणावे.

म्हणून आमची एक नम्र सूचना. चार महिन्यांत उत्तर नाही तर मानून टाकायचे, हे तत्त्व इतके उत्तम आहे, तर ते एकट्या कारखानदाराला का? नदीकाठच्या गावाने तक्रार केली आणि चार महिन्यांत मंडळाने ती तपासली नाही, तर तक्रार सिद्ध झाली असे मानावे. विनाअट. वरच्या कारखान्याची संमती त्या दिवशी संपली असे धरावे. पोर्टल आहेच, डॅशबोर्ड आहेच, एक खिडकीही आहे. फक्त तिची दुसरी फळी गावाच्या बाजूने उघडावी लागेल. ही सूचना उद्योगविरोधी ठरेल याची आम्हाला कल्पना आहे. ईटीपी चालवणाऱ्या आमच्या स्नेह्यांना मात्र ती आवडली. ते म्हणाले, ‘मग शेजारच्यांनाही चालवावा लागेल.’

तोपर्यंत जो कायदा आहे तो आहे. जल कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे सामान्य माणसाला पाणी नासवणाऱ्याविरुद्ध थेट न्यायालयात जायचे असेल, तर आधी मंडळाला किमान ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तुमच्या गावाखालच्या नाल्याला फेस येत असेल, तर ती आजच द्या. आणि पोचपावतीवर तारखेचा शिक्का पडल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.