बॉनेटशास्त्री

मनुष्यवस्तीपासून कितीही दूर आणि कितीही अवेळी, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाडीचे बॉनेट वर गेले, की अल्पावधीत जो गृहस्थ हात पाठीशी बांधून तेथे प्रकट होतो, आणि "काय झालं?" असे विचारून, परंतु उत्तर ऐकण्याच्या भानगडीत न पडता, थेट निदानास आरंभ करतो, त्याला मी बॉनेटशास्त्री म्हणतो. त्याचा मूळ पेशा कोणताही असू शकतो. तो निवृत्त तलाठी असेल, सोसायटीचा माजी चेअरमन असेल, किंवा सर्व व्यवसाय मुलांवर सोपवून नाक्यावरच्या बाकाचा कबजा घेतलेला सद्गृहस्थ असेल. यंत्रविद्येशी त्याचा संबंध बहुधा एवढाच, की ऐन उमेदीत त्याने एका जीपच्या कार्बोरेटरमध्ये फुंकर मारली होती आणि ती जीप, अन्य कोणत्या तरी कारणाने, त्याच क्षणी सुरू झाली होती.

त्या फुंकरीच्या पुण्याईवर तो आजन्म बोलत असतो. इंजिनाला डिझेल, हवा आणि पाणी यांपलीकडे कशाचीही आवश्यकता नाही, ही त्याची मूलभूत श्रद्धा. आणि बाकी सारी तारांची जाळी कंपन्यांनी गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालण्यासाठीच विणलेली आहे, हा त्याचा सिद्धांत. मौजेची गोष्ट अशी, की ज्या सेन्सरांच्या अस्तित्वालाच त्याचा तात्त्विक विरोध असतो, गाडी बिघडताच त्यांपैकीच एखाद्याचे नाव तो छातीठोकपणे घेतो. "सेन्सर गेला," हे दोन शब्द उच्चारताना त्याच्या मुद्रेवर शोक आणि समाधान यांचे असे काही मिश्रण उमटते, की मयताच्या घरी सर्वांत आधी पोचलेल्या दूरच्या नातलगाच्या चेहऱ्यावरही ते क्वचितच पाहावयास मिळेल.

त्याचा विशेष रोष असतो तो हवेचे माप घेणाऱ्या सेन्सरवर. एअर फिल्टरच्या डब्यातून निघणाऱ्या नळीवर, दोन बारक्या स्क्रूंनी बसवलेला हा इवलासा कारकून इंजिनात शिरणाऱ्या हवेची दप्तरी नोंद ठेवतो. त्याच्या पोटात विजेने तापवलेली एक सूक्ष्म पट्टी असते. वाहती हवा तिला निववते, आणि तिची उष्णता कायम राखण्यास जितका जास्त प्रवाह द्यावा लागतो, तितकी हवा अधिक गेली असे गणित मांडले जाते. तप्त तारेवरून वाऱ्याचा वेग मोजण्याचे शास्त्र मॅकगिल विद्यापीठाच्या एल. व्ही. किंग यांनी १९१४ सालीच सविस्तर मांडले होते, आणि बॉश कंपनीने १९८१च्या सुमारास ते पेट्रोल गाड्यांत आणले. हवेचा नुसता वेग किंवा आकारमान न पाहता तिचे वजन या सेन्सरला कळते; त्यामुळे समुद्रकाठची दाट हवा कोणती आणि घाटमाथ्यावरची विरळ कोणती, हे त्याला निराळे सांगावे लागत नाही. डिझेल गाडीचा संगणक ही नोंद वाचूनच, धूर न होता जास्तीत जास्त किती डिझेल जाळता येईल, याची मर्यादा ठरवतो.

परंतु बॉनेटशास्त्र्याला इतक्या खोलात शिरण्याचे प्रयोजन नसते. गेल्या वैशाखात, हापूसच्या पेट्या भरून रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालेली एक पिकअप आंबा घाटाच्या चढाला लागताच काळा धूर ओकू लागली, आणि लोड घेईना म्हणून पायथ्याच्या साखरप्यात एका गॅरेजसमोर परत येऊन उभी राहिली. मिस्त्रीने स्कॅनर लावला. पडद्यावर 'पी०१०१' असा कोड उमटला. हवेच्या नोंदीत काही तरी विसंगती आहे, एवढाच त्याचा आशय; पण शास्त्रीबुवांनी चष्मा कपाळावर चढवून तो अंक लांबून पाहिला आणि खटल्याचा फैसलाच जाहीर केला. "एअर फ्लो गेला. डोळे मिटून नवा टाक."

"काका, आधी जरा होज बघतो," मिस्त्री पुटपुटला.

"अरे, मशीन स्वतः सांगतंय, आणि तू होज काय बघतोस?"

मशीनवर ज्याने आयुष्यभर अविश्वास दाखवला, त्यानेच त्याची साक्ष काढली, म्हटल्यावर ड्रायव्हरचा धीर सुटला. मागे पेट्यांतला आंबा पिकू लागल्याचा वास साऱ्या नाक्यावर दरवळत होता, आणि मालकाचे फोन दर घटकेला येत होते. अखेर रत्नागिरीहून एस.टी.च्या पार्सलने नवा सेन्सर मागवण्यात आला. मिस्त्रीने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, कपलरची खिट्टी दाबून तो अलगद ओढला, स्क्रू काढले, आतल्या पट्टीला बोट लागणार नाही अशा बेताने नवा सेन्सर उचलला, ओ-रिंग नीट बसली आहे आणि अंगावरचा बाण इंजिनाकडे तोंड करून आहे, याची खातरी करून तो जागेवर बसवला, आणि जुना कोड पुसून टाकला. या अवधीत शास्त्रीबुवांनी "दाब जरा" आणि "बस, बस, फार आवळू नको" या दोन आज्ञांचे योग्य वाटप करून काम आपल्या देखरेखीखाली पार पडल्याचा दाखला उपस्थितांकडून मिळवला.

पिकअप निघाली, घाटाच्या पहिल्याच चढापर्यंत गेली, आणि तसाच काळा धूर सोडीत परत आली.

आता मात्र मिस्त्रीने कोणासही न विचारता इंजिन रेज करायला लावले आणि कान पुढे केला. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या जाड रबरी होजपाशी बारीकशी शिट्टी वाजत होती. त्याने पट्टा सैल करून होज उलटा केला, तो पट्ट्याच्या आड, डोळ्यांना सहज न दिसेल अशा जागी, तेलकट काजळीने माखलेली वीतभर चीर! सगळे प्रकरण जकातनाक्यासारखे होते: नाक्यावर मालाची पावती चोख फाडली गेली होती, पण कोठीत पोचण्यापूर्वीच माल मधल्या मध्ये लंपास होत होता. सेन्सरने मोजलेली हवा होजमधून बाहेर पडत होती, संगणक मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल सोडीत होता, आणि अर्धवट जळलेले डिझेल धुराच्या रूपाने आपली कैफियत साऱ्या साखरप्याला ऐकवीत होते. कारकून इमानदार होता. त्याला विनाचौकशी बडतर्फ करण्यात आले होते.

होज बदलला, जुना सेन्सर पुन्हा लावून पाहिला, आणि गाडी निर्धूर झाली. नवा सेन्सर परत घेण्याविषयी दुकानदाराला फोन केला, तेव्हा "इलेक्ट्रिकल माल परत घेतला जात नाही" हा सनातन जबाब मिळाला. सर्वांची दृष्टी स्वाभाविकपणे शास्त्रीबुवांकडे वळली. ते यत्किंचितही विचलित झाले नाहीत. "मी पहिल्यापासून काय म्हणत होतो?" ते प्रसन्नपणे उद्गारले, "हवेचाच प्रॉब्लेम!" आणि नवा सेन्सर जपून ठेवण्याचा, कधी ना कधी तो लागेलच असा मौलिक सल्ला देऊन, ते शेजारी नुकत्याच थांबलेल्या एका रिक्षाकडे सरकले, कारण तिच्या मागच्या डिकीचे झाकण उघडताना त्यांना दिसले होते.

अशा माणसाचा राग धरण्यात हशील नाही. तो निःस्वार्थी असतो, मदतीस तत्पर असतो, आणि गाडी दुरुस्त होईपर्यंत उन्हात उभा राहण्याची त्याची तयारी पगारी नोकरालाही लाजवील अशी असते. मात्र स्कॅनरचा कोड ही फिर्याद आहे, निकाल नव्हे, हे ध्यानात ठेवून सेन्सरच्या दुकानाला फोन करण्यापूर्वी फिल्टर, होज आणि कपलर यांचा रीतसर पंचनामा करून घ्यावा. तेवढ्यात बॉनेटशास्त्री आलाच, तर त्याच्या हाती विजेरी द्यावी आणि "काका, उजेड इथे धरा," असे नम्रपणे सांगावे. काम मिळालेला शास्त्री फारसा बोलत नाही, आणि मिस्त्रीला त्या वेळी उजेडाची खरोखरच गरज असते.