शिकाऊ मुलाचे अनुभवी वडील

डहाणूच्या इराणी रोडवर किंवा तलासरीच्या नाक्याजवळ संध्याकाळी एखादी पांढरी वॅगन-आर दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत येताना दिसली, तर स्टिअरिंगकडे पाहू नये, शेजारच्या सीटकडे पाहावं. स्टिअरिंगमागचा अठरा वर्षांचा मुलगा निवांत असतो. शेजारच्या गृहस्थांचा डावा हात दारावरच्या हँडलला लोंबकळत असतो, उजवा हँडब्रेकवर असतो आणि उजवा पाय नसलेला ब्रेक करकचून दाबत असतो. हे शिकाऊ मुलाचे वडील. गाडी त्यांची, मुलगा त्यांचा, आणि चूक नेहमी समोरून येणाऱ्याची.

हे गृहस्थ घोलवडला चिकूची वाडी सांभाळतात, तलासरीत दुकान चालवतात, नाहीतर डहाणू रोडहून पहाटेच्या लोकलनं विरारपलीकडे नोकरीला जातात. पोटापाण्याचा उद्योग कुठलाही असो, लक्षण एकच. मुलाला सतरावं लागलं की ते स्वस्तातला विमा शोधायला लागतात. मुलाला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे कळायच्या आत वडिलांना झिरो डेप्रिसिएशन, इंजिन प्रोटेक्ट आणि नो क्लेम बोनस पाठ झालेले असतात. बायको विचारते, “अहो, त्याला गाडी शिकवताय की इन्शुरन्स?”

या धास्तीचं मूळ बहुधा न्यू जर्सीत असतं. तिथला भाचा व्हिडिओ कॉलवर सहज बोलून गेलेला असतो, की मुलीचं नाव पॉलिसीत घातलं आणि प्रीमियम एकदम चढला. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत सोळाव्या वर्षी परवाना हातात येतो आणि विमा कंपन्या त्या वयाकडे संशयानंच पाहतात. ब्रिटनमध्ये सतराव्या वर्षी शिकता येतं, पण तिथं कित्येक कोवळ्या चालकांच्या गाडीत काळी पेटी बसवतात. पोरानं ब्रेक किती जोरात मारला, रात्री किती वाजता गाडी काढली, सगळं कंपनीला कळतं. ही पेटी ऐकून वडिलांना हेवा वाटतो. पण ते खरे हळवे होतात ते पुढच्या माहितीनं. अमेरिकेत अभ्यासात हुशार असलेल्या विद्यार्थ्याला विम्यात सूट मिळते. मार्कशीट दाखवा, हप्ता कमी करा! मराठी बापासाठीच जणू काढलेली ही योजना नेमकी सातासमुद्रापार असावी, याचं दुःख त्यांना कुणाला सांगता येत नाही.

एजंटला मात्र ते सांगतात. सागर नाक्यावरच्या त्याच्या टेबलावर ते आरसी बुक, जुनी पॉलिसी आणि मुलाची बारावीची गुणपत्रिका ठेवतात.

“सर, हे कशाला?”

“एक्क्याण्णव टक्के आहेत. बघा काही होतं का.”

एजंट गुणपत्रिका आदरानं बाजूला ठेवतो आणि समजावतो, की आपल्याकडे विमा गाडीचा असतो. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं आणि तो इंजिनच्या सीसीवर असतो. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात खासगी मोटारीला १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये. मुलगा अठराचा आहे की आजोबा ऐंशीचे, हे त्या तक्त्यात कुठंच नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो वेगळा हप्ता, तो गाडीची किंमत, तिचं वय, सीसी आणि नोंदणीचं गाव पाहून ठरतो. त्यातही मुंबई-पुणे ‘ए’ झोनमध्ये आणि आपली एमएच ४८ ‘बी’ झोनमध्ये, म्हणजे दर जरा कमीच.

वडिलांना हायसं वाटायला हवं. त्यांना शंका येते. ज्या पोरानं काल अंगणातली तुळस थोडक्यात चुकवली, त्याच्याबद्दल कंपनी काहीच विचारत नाही, म्हणजे आत कुठंतरी काहीतरी आहे. तेवढ्यात त्यांना आठवतं, की आपल्या वॅगन-आरचं इंजिन ९९८ सीसीचं आहे. दोन सीसीनं तेराशे बावीस रुपये वाचले! हा पराक्रम ते आठवडाभर लोकलमध्ये सांगतात. सुझुकीच्या इंजिनिअरांनी तो आकडा त्यांना विचारूनच ठरवला असावा, असा सूर असतो.

यानंतर सुरू होतो काटकसरीचा खरा प्रवास. तलासरीचा साडू छाती काढून सांगतो, “माझा प्रीमियम तुमच्या निम्मासुद्धा नाही.” दोन दिवस घरात शांतता. मग साडूची पॉलिसी चष्मा लावून वाचली जाते आणि ती निव्वळ थर्ड पार्टी निघते. दुसऱ्याची गाडी ठोकली तर त्याचं भागेल, स्वतःच्या गाडीच्या पत्र्याला एक पैसा मिळणार नाही. मग कुणीतरी सिल्वासा सुचवतं. सीमेवर राहण्याचा हा फायदा. गाडीचा टॅक्स तिकडे कमी पडतो, म्हणून डीएन आणि डीडीच्या पाट्या लावलेल्या गाड्या अच्छाडपासून डहाणूपर्यंत फिरताना दिसतात. पण बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी महाराष्ट्रात ठेवली तर इथं नव्यानं नोंदणी करावी लागते. आणि विम्याच्या हिशेबात सिल्वासाही ‘बी’ झोनच.

मग वडील गाडीच्या घोषित किमतीवर येतात, जिला पॉलिसीत आयडीव्ही म्हणतात. ती दरवर्षी घसरते. तिसऱ्या वर्षी तीस टक्के वजा, पाचव्या वर्षी पन्नास. पाच वर्षांपुढं कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. इथं वडिलांची प्रतिभा फुलते. एजंटसमोर ते गाडीची निंदा करतात, “अहो, राहिलंय काय तिच्यात, भंगारवाला तरी घेईल का?” त्याच संध्याकाळी शेजाऱ्यानं विकायची आहे का विचारलं, तर उत्तर मिळतं, “शोरूमसारखी ठेवलीय. चार लाखांच्या खाली बोलू नका.”

मुलगा अठराचा होईपर्यंत गाडी वाडीतच शिकवायची, असं ठरतं. त्यामागं कायद्याचा अभ्यास आहे. परवाना आणि विमा लागतो तो सार्वजनिक जागी. चिकूची वाडी खासगी. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १९९ अ त्यांनी वाचलेलं असतं. अल्पवयीन मुलगा रस्त्यावर गाडी चालवताना गुन्ह्यात सापडला, तर पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. म्हणून वाडी. फक्त एवढंच, की वाडीत पोलीस पकडत नसले तरी विमाही पावत नाही. पॉलिसीत चालकाकडे परवाना हवा अशी अट छापलेली असते, आणि ती झाडाला धडकलेल्या गाडीलाही लागू होते. बोर्डीच्या ओल्या वाळूवर सराव करायची साडूची सूचनाही बाद होते. भरतीच्या पाण्यात इंजिन गेलं तर इंजिन प्रोटेक्टचं कवच वेगळं विकत घेतलेलं हवं, आणि ते त्यांनी काटकसरीत आधीच काढून टाकलेलं असतं.

अठरावा वाढदिवस. आधार जोडून घरबसल्या शिकाऊ लायसन्स निघतं. २०२१ पासून महाराष्ट्रात ही सोय आहे. पुढं परीक्षेला जायला किमान तीस दिवस हवेत आणि शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. याच काळात, एका रविवारी, मुलगा रिव्हर्स घेतो आणि मागचा बंपर चिकूच्या क्रेटच्या थप्पीला भेटतो.

क्लेम करायचा की नाही, यावर घरात जी बैठक बसते ती पाहण्यासारखी असते. वडील वहीत आकडे मांडतात. नवा बंपर समजा चार हजारांचा. प्लास्टिक असल्यामुळं कंपनी घसाऱ्यापोटी निम्मे कापणार. उरले दोन हजार. त्यातून सक्तीची वजावट एक हजार. हाती आले एक हजार. आता दुसरं पान. पाच वर्षं क्लेम न केल्यानं पन्नास टक्के नो क्लेम बोनस जमलेला. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता सहा हजार असेल तर तीन हजारांची सूट. एक क्लेम केला की ती शून्यावर येणार, आणि पुन्हा वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस अशी एकेक पायरी चढत पन्नासला पोचायला पाच वर्षं. म्हणजे एक हजार घेण्यासाठी पहिल्याच वर्षी तीन हजार घालवायचे. ठराव एकमतानं मंजूर होतो: बंपर तसाच ठेवायचा. त्या दिवसापासून गाडी भिंतीला पाठ लावून उभी केली जाते आणि पाहुण्यांना पुढच्या बाजूनं निरोप दिला जातो.

तलासरीकडे जायची वेळ आली, की हे विनोद जरा थांबतात. मुंबई-अहमदाबाद हायवे, दापचरीकडे निघालेले ट्रक, आणि अलीकडे चारोटीजवळचा सूर्या नदीचा पूल. ४ सप्टेंबर २०२२ ला त्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबतचे जहांगीर पंडोल गेले. दोघेही मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं होतं. तेव्हापासून या घरात मागं बसणाऱ्यालाही पट्टा सक्तीचा आहे. हायवेवर मुलाला गाडी द्यायचा विषय वडील काढत नाहीत, मुलगा काढतो.

“पप्पा, एकटा जाऊन येतो अच्छाडपर्यंत. इन्शुरन्स आहेच ना?”

इथं वडिलांना पुन्हा एजंटकडे जावं लागतं. शिकाऊ लायसन्सवाल्याला विमा लागू असतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ पाळला तरच. गाडीला पुढं-मागं पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. शेजारी वैध परवान्याचा माणूस हवा, आणि तोही गाडी थांबवता येईल अशा बेतानं बसलेला. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये स्वर्ण सिंग खटल्यात शिकाऊ लायसन्स हेही लायसन्सच, असं मान्य केलं. पण अटी मोडल्या तर कंपनी जखमी माणसाला भरपाई देऊन तीच रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, हेही त्याच निकालात आहे.

“म्हणजे मी शेजारी बसलो की झालं,” वडील म्हणतात.

“झालं. तुमचं लायसन्स दाखवा जरा, झेरॉक्स ठेवतो.”

लायसन्स निघतं. जुन्या नियमानं काढलेलं, वयाच्या पन्नाशीपर्यंत वैध. वडील एक्कावन्न पूर्ण करून पुढं गेलेले. वाढदिवसाला केक कापला होता, लायसन्सकडे कुणी पाहिलं नव्हतं. गेले दीड महिने मुलाच्या शेजारी जो हँडब्रेक धरून बसला होता, तो नियम ३ च्या दृष्टीनं नुसता प्रवासी होता. पॉलिसीतलं मालक-चालकाचं पंधरा लाखांचं अपघात कवचही चालू लायसन्सवर अवलंबून. आणि मुदत संपून वर्ष उलटल्यामुळं नूतनीकरणाआधी चाचणी पुन्हा द्यावी लागणार.

घरात चालू लायसन्स असलेली व्यक्ती एकच निघते, ती म्हणजे मुलाची आई. कासाच्या शाळेत शिकवायला सोमवार ते शनिवार गाडी तीच नेते. नो क्लेम बोनस जमवला तो तिनंच, पण ही बाजू वहीत मांडायची राहून गेली होती. दुसऱ्या दिवसापासून ती शेजारच्या सीटवर बसते. हँडलला लोंबकळत नाही. “आरशात बघ” एवढंच म्हणते, आणि मुलगा बघतो.

चाचणीच्या दिवशी बापलेक एकाच रांगेत. मुलगा पहिल्या फटक्यात पास. वडील इंडिकेटर न देता वळतात. निरीक्षकानं विचारल्यावर सांगतात, “साहेब, डहाणूत सगळ्यांना माहीत असतं मी कुठं वळणार ते.” सात दिवसांनी पुन्हा यायला सांगितलं जातं. परतताना गाडी आई चालवते.

आता धाकटीला सोळावं लागलंय. तिला क्लासला जायला स्कूटर हवी आहे. वडिलांनी अभ्यास केलाय: सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीनं फक्त बिनगिअरची, ५० सीसीपर्यंतची चालते, आणि बाजारातल्या स्कूटरी त्याहून मोठ्या सीसीच्या. मग त्यांना ती बॅटरीवाली सापडली. मोटार २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन साठ किलोपर्यंत. कायद्यानं ते मोटार वाहनच नाही. ना नोंदणी, ना लायसन्स, ना विमा. आनंदानं त्यांनी एजंटला फोन लावला.

“सर, तिला विमा लागतच नाही,” एजंट म्हणाला.

“ते कळलं हो. पण मुलीला दहावीला चौऱ्याण्णव टक्के आहेत. त्यावर आणखी काही कमी होईल का?”