बेकाराची रजा

स्टुटगार्ट

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

तुमच्या चिरंजीवांची नोकरी गेल्याचं फोनवर कळलंच आहे. काळजी नको. इथे नोकरी जातेय असं कळलं की ३ दिवसांत रोजगार कचेरीत नाव नोंदवायचं. उशीर केला तर आठवड्याचा बेकारभत्ता बुडतो. त्यामुळे हे जन्मात पहिल्यांदा कुठेतरी वेळेवर पोचले.

बाबा, तुम्ही विचारलंत, तो भत्ता घेऊन साताऱ्याला येऊन राहिलं तर? हिशेब बिनतोड आहे. हातात पडणाऱ्या पगाराच्या ६० टक्के, पदरी लेक आहे म्हणून ६७. साताऱ्यात त्यात थाटात राहू. पण भत्ता विमानात बसत नाही.

वरच्या मजल्यावरच्या पोलिश शेजाऱ्याचा मात्र बसला! त्याचीही नोकरी गेली. ४ आठवडे इथे नोंदणीत राहिला, यू-२ नावाचा कागद घेतला आणि निघाला माहेरी. ३ महिने, मंजुरी मिळाली तर ६. नोकरी पोलंडमध्ये शोधायची, पैसे जर्मनीचे, युरोपीय संघाच्या नियमानं. शिवाय पोलंडमध्ये विमा भरलेले महिनेही इथे जमेस धरतात. आपले पुण्यातले? शून्य. भारत-जर्मनी करार १ मे २०१७ पासून लागू आहे, पण तो पेन्शनचा. आपण म्हातारे होणार यावर दोन्ही सरकारांचं एकमत. मधेच कधी घरी बसू, हे कुणी धरलेलंच नाही.

हे चिडले. मी म्हटलं, व्याह्यांकडे फराळाचं ताट पाठवायला आधी आपल्या घरी चकली तळलेली हवी ना? आपल्याकडे राज्य कामगार विम्यात बेकारभत्ता आहे, निम्मा पगार, ९० दिवसांपर्यंत; पण त्या विम्यात शिरायला पगार महिना २१,००० च्या आत हवा. पुण्यात हे त्यात कधी नव्हतेच, मग इकडे आणणार काय? राहिली, बाबा, तुमची रोजगार हमी. १५ दिवसांत काम नाही दिलं तर भत्ता, हा महाराष्ट्राचा १९७७ चा कायदा. त्याची मस्टरं तुम्ही सांभाळलीत. पण यांना खडी फोडताना डोळ्यांपुढे आणा.

गणपतीला यायचं आहे. मात्र इथे बेकारालाही रजा लागते: वर्षाला ३ आठवडे, तीही कचेरीला आधी विचारून. अर्ज टाकलाय. मंजूर झाला तर तिघंही येतो. शेजारच्या काकूंनी विचारलं तर बिनदिक्कत सांगा, रजेवर आलाय.

आपली,
सूनबाई